जीपचा खांदा

आमच्या जीपच्या पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध लोखंडाची एकेक गोल चकती आहे, आणि त्या चकतीवर बोटांनी धरता येईल असा उंचवटा. त्याला हब म्हणतात. हल्लीच्या गाड्यांत चारही चाकांना जोर द्यायचा असेल तर आत बसल्या बसल्या बटण दाबलं की झालं. आमच्या जीपला असले लाड माहीत नाहीत. चिखल दिसला की खाली उतरायचं, पुढच्या एका चाकापाशी वाकून हब फिरवायचा, वळसा घालून दुसऱ्या चाकाचा फिरवायचा आणि मग आत येऊन गिअरशेजारचा छोटा दांडा ओढायचा. तेव्हा कुठे पुढची चाकं कामाला लागतात. एक हब फिरवला आणि दुसरा राहिला, तर काहीच फिरवलं नाही असं समजायचं. पुढचा सगळा जोर त्या मोकळ्या बाजूने वाया जातो.

"फसल्यावर देव आठवते," बाबा म्हणत. "फसायच्या आधी हब आठव."

मला गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं, आणि चालवायच्या आधी ग्रीस भरायला शिकवलं. जीपच्या खाली चटई टाकून आम्ही दोघं आडवे होत असू. एकेका जोडात ग्रीस गनचं तोंड लावायचं आणि दुसऱ्या बाजूने जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत दाबत राहायचं. जुनं बाहेर आलं की पुरे. मी शाळेत गणित शिकवते आणि माझा स्वभाव तिखट आहे, हे लोक मला तोंडावर सांगतात. भिवापूरच्या मिरचीवर वाढलेल्या बाईकडून त्यांना कशाची अपेक्षा असते, मला कळत नाही. पण जीपच्या खाली मी कधी चिडत नसे. तिथे बाबा असत आणि तिथलं दुखणं हाताला लागत असे.

आमचं वावर भिवापूरच्या पलीकडे आहे. वावर म्हणजे शेत. आमच्याकडे शेत कुणी म्हणत नाही. माझ्या शिक्षणासाठी आईबाबा नागपुरात प्रतापनगरला आले, पण वावर सुटलं नाही. तिथे चुलतभाऊ राहतो, तो सगळं बघतो, आणि बाबा दर आठवड्याला जीप घेऊन जात. गावापर्यंत डांबरी रस्ता आहे. गावापासून वावरापर्यंत पांधन, म्हणजे दोन्ही बाजूंच्या बांधांमधून, आमच्या भाषेत धुऱ्यांमधून, जाणारी बैलबंडीची वाट. उन्हाळ्यात त्या पांधनीवरून सायकलही जाते. पावसाळ्यात ती काळी माती अशी धरते की पाय काढला तर चप्पल आत राहते. सरकारी लिलावातून ही जुनी जीप बाबांनी घेतली ती त्या वाटेसाठीच.

ती आली त्याच वर्षी बैल गेले. शेवटची जोडी म्हातारी झाली होती. एक बैल गोठ्यातच गेला आणि उरलेला बाबांनी ओळखीच्या घरी दिला, कामाला न लावण्याच्या बोलीवर. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्या भागात खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा दुखावलेला असतो. तो गरम तूप-हळदीने शेकायचा, पळसाच्या पानाने हळूहळू चोळायचा आणि त्याच्या कानाशी म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आवतन म्हणजे जेवणाचं आमंत्रण. पोळ्याच्या दिवशी बैलाला पाहुण्याच्या मानाने पुरणपोळी वाढायची असते. बहुतेक घरांत हे काम पुरुष करतात. आमच्याकडे ते आईचं होतं, कारण आमचा एक बैल आईशिवाय कुणाला खांद्याला हात लावू देत नसे.

त्या वर्षी गोठा रिकामा होता. सवयीने म्हणा की आणखी कशाने, आईने तूप-हळद गरम केली आणि वाटी घेऊन ती अंगणात आली. तिथे आल्यावर तिच्या लक्षात आलं की लावायला कुणी नाही. ती तशीच उभी राहिली. आई रडणारी बाई नाही, पण ती वाटी घेऊन परत आत जाणं तिला जमत नव्हतं, हे मला लहान असूनही कळलं. बाबांनी जीप काढली आणि तिच्यासमोर आणून उभी केली.

"आता हाच बैल," ते म्हणाले.

आईने जीपकडे वरून खाली पाहिलं. "याचा खांदा कुठं आहे?"

बाबा हसले नाहीत. त्यांनी क्षणभर विचार केला आणि खाली बसून पुढच्या चाकातल्या हबवर बोट ठेवलं. "हा. चिखलात सारा जोर याच्यावर येते."

आईने पळसाच्या पानाने दोन्ही हब शेकले. अगदी नीट, बैलाचे खांदे शेकायची तसे. हबच्या कडेला जी बारीक फट असते तिच्यातही तिने बोटाने तूप दाबलं. "खांदा वरून नाही दुखत," ती म्हणाली, "अंदरून दुखते." मग जीपच्या आरशापाशी तोंड नेऊन तिने आवतन दिलं. बैलाचा कान जिथे असता तिथे आरसा होता, एवढाच तिचा हिशोब.

पुढे आम्ही प्रतापनगरला आलो तरी ते थांबलं नाही. दरवर्षी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, शेजारी कंपाउंडवरून बघत असताना, आई तुपाची वाटी घेऊन फाटकापाशी यायची. समोरच्या काकूंनी एकदा विचारलं, "गाडीले हळद? लग्न आहे काय तिचं?" आई म्हणाली, "लग्न तुमच्याइथं लावा. आमची कामाची आहे." त्यानंतर कुणी विचारलं नाही.

मग बाबांचं हृदय थकलं. जिना चढताना थांबू लागले, मग अंगणात थांबू लागले, मग खुर्चीतून उठताना. धंतोलीच्या दवाखान्याच्या चकरा सुरू झाल्या. जीपच्या खाली जाणं तर सोडाच, खाली वाकून चपलेचा पट्टा लावणंही त्यांना होईना. मी शाळा, दवाखाना आणि घर यांत अशी अडकले की जीपकडे माझंही लक्ष राहिलं नाही. अधूनमधून चालू करायची, बॅटरी मेली तर चार्जिंगला द्यायची, एवढंच. गावाला जायचं तर मी माझी छोटी गाडी न्यायची आणि वावरात न जाता चुलतभावाच्या ओसरीवरून परत यायची. मधले दोन-तीन पोळे तसेच गेले. आईची खांदशेकणी मात्र चुकली नाही.

गेल्या वर्षी, श्रावण संपत आला होता तेव्हा, धंतोलीच्या डॉक्टरांनी मला आणि आईला वेगळं बसवलं. ते समजुतीने बोलले. औषधं चालू ठेवा, पण आता दवाखान्यात ठेवून काही मिळणार नाही. त्यांना घरी न्या, जे आवडतं ते करू द्या. आईने विचारलं, "जे आवडते ते म्हणजे खायचं काय?" डॉक्टर म्हणाले, "सगळंच."

घरी आणल्यावर बाबांचा पलंग आम्ही पुढच्या खोलीत खिडकीशी लावला. त्यांना आडवं झोपता येत नसे, उशांना टेकून बसूनच झोपत. खिडकीतून शेडखालची जीप दिसायची. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला म्हणाले, "बाई, पोळ्याले वावरात जाऊ."

मी म्हटलं, "जाऊ." दुसरं काय म्हणणार?

"ओसरीवर नाही. वावरात. यंदाची मिरची पाह्याची आहे मले."

मी चुलतभावाला फोन केला. पाऊस सारखा लागून होता. तो म्हणाला, "ताई, पांधनीत गुडघ्याएवढा चिखल आहे. तुमची गाडी तं सोड, मोठी गाडीबी नाही येत. काकाजीले ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवून नेतो. गादी टाकतो खाली."

मी ते बाबांना सांगितलं. बाबांचा आवाज तेव्हा खोल गेला होता, पण त्यातला ठसका गेला नव्हता. "मी काय तुरीचं पोतं आहो? जीप आहे न आपली. हब लाव अन् चाल."

मला त्या क्षणी इतकं स्पष्ट कळलं, की पुढचं सगळं आयुष्य एका बाजूला आणि ही एक फेरी दुसऱ्या बाजूला आहे. पुढचा पोळा बाबांना नव्हता. हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं आणि सांगायची गरजही नव्हती. जीप त्या पांधनीतून गेली तर बाबा त्यांचं वावर बघणार होते. नाही गेली तर नाही.

पोळ्याला दोन दिवस होते. मी शाळेतून रजा काढली. बॅटरी बदलली, डिझेल भरलं, टायरमध्ये हवा भरली. इंजिन थोडं खोकलं आणि चालू झालं, तेव्हा खिडकीतून बाबांनी हात वर केला. मग मी डाव्या हबला हात घातला. तो फिरला, पण भलताच सैल. आत काही पकडल्याचा तो ओळखीचा आवाज आला नाही. उजवा हब जागचा हललाच नाही. मी कापड गुंडाळून जोर लावला, मोठ्या पान्याने लावला. तो जणू चाकाबरोबरच ओतलेला होता.

गंज असेल असं मला वाटलं. मी जमिनीवर पोतं टाकून बसले, बोल्ट काढले आणि वरची चकती पान्याच्या टोकाने उचकटली. आत गंज फारसा नव्हता. आत पिवळं-तपकिरी काहीतरी दाटून बसलं होतं. वाळलेल्या डिंकासारखं कडक. ज्या रिंगने पुढे सरकून चाकाला आतल्या दांड्याशी जोडायचं, ती रिंग त्यात रुतून बसली होती. मी नखाने एक कपचा काढला, बोटांत चोळला, नाकाशी नेला. हळद होती. इतक्या वर्षांचं तूप, हळद आणि रस्त्याची धूळ. हबच्या फटीतली रबराची रिंग कधीच झिजून गेली होती आणि आई दरवर्षी बोटाने दाबून दाबून जे आत घालत होती, ते सगळं तिथे साठलं होतं.

मला आईचा राग आला. असा राग आला की हातातला पाना मी शेडच्या भिंतीवर आपटला. उद्याचा एकच दिवस हातात, आणि ज्या माणसाने ही गाडी जिवापाड जपली त्याची शेवटची वाट त्याच्याच घरच्या तुपाने बुजवलेली. तो पिवळा कपचा मी फडक्यावर घेतला आणि घरात शिरले. आई स्वयंपाकघरात पुरणाची डाळ निवडत होती. पुढच्या खोलीतून मी जाऊ लागले तोच बाबांनी पलंगावरून हाक मारली.

"दाखव."

मी फडकं त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी पाहिलं आणि लगेच स्वयंपाकघराकडे नजर टाकली.

"तिले सांगू नको," ते हळू म्हणाले.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"पह्यल्या वर्षीपासून." त्यांना एका वाक्यानंतर श्वास घ्यायला थांबावं लागायचं. "पोळ्याच्या सकाळी ती पुरणात गुंतून राहे. तेवढ्यात मी दोन्ही हब खोलो. डिझेलनं धुवो, ताजं ग्रीस भरो, अन् लावून देवो. तिले पत्ता नाही."

"आणि इतक्या वर्षांत एकदाही सांगितलं नाही? एक वाक्य बोलायचं होतं, की आत नको लावू, वरून लाव."

"कसं सांगू? खांदा मीच दाखवला होता." त्यांनी खिडकीतून जीपकडे बघितलं. "आता खाली बसणं झालं नाही माझ्यानं. म्हून साचलं. तिची काही चुकी नाही."

मी तशीच मागे फिरले. राग कुठे गेला ते कळलं नाही. काम अजून बाकी होतं. मी सगळे तुकडे डिझेलच्या डब्यात बुडवले. बांबूची कामटी टोकदार करून कडेकडेचं खरवडत बसले, कारण लोखंडाने खरवडलं तर दाते बिघडतात, हे बाबांनीच शिकवलेलं. आई चहा घेऊन आली. शेडच्या फरशीवर पिवळी फडकी पडली होती. ती त्यांच्याकडे बघत उभी राहिली.

"काय झालं वं?" तिने विचारलं.

"गंज," मी म्हटलं.

"निघते काय?"

"निघेल."

 ती कप माझ्याजवळ ठेवून आत गेली.

डावा हब संध्याकाळपर्यंत दुरुस्त झाला. उजव्याची रिंग सुटली, पण तिला ढकलणारी स्प्रिंग आतून मोडलेली निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुन्या सामानाची दुकानं पालथी घातली. एकाने सांगितलं, या मॉडेलचं सामान दिल्लीहून येतं, आठ दिवस लागतील. दुसऱ्याने गाडी भंगारात द्यायचा सल्ला दिला. माझ्या चेहऱ्याकडे बघून तो घाईने दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. दुपारी घरी आले आणि पलंगाच्या कडेवर बसून बाबांना तुटकी स्प्रिंग दाखवली. मला रडू येत होतं आणि ते त्यांना दिसत होतं.

त्यांनी स्प्रिंग हातात फिरवून पाहिली. "हिच्याबिगर रिंग पुढं सरकवून बसवून दे," ते म्हणाले. "मांगं तार गुंडाळ, म्हंजे परत येणार नाही. मंग तो हब लागलेलाच राह्यते. सुटत नाही एवढंच."

"रस्त्यावर?"

"स्टिअरिंग जड लागन. डिझेल जास्त पिईन. पिऊ दे."

तसं केलं. उजवा हब कायमचा लागला आणि डावा माझ्या हाताने लागत-सुटत होता. गल्लीच्या टोकाला इमारतीच्या बांधकामाची रेती पडली होती, तिच्यावर जीप चढवून बघितली. पुढच्या चाकांनी रेती उकरली आणि जीप वर गेली. परत आले तेव्हा बाबा उशांना टेकून डोळे मिटून होते. "ऐकू आलं," ते म्हणाले.

आणि संध्याकाळी आई वाटी घेऊन आली.

मी शेडमध्ये हात पुसत होते. नुकतंच धुतलेलं, ग्रीस भरलेलं, तारेने बांधलेलं चाक माझ्यामागे होतं. आईच्या हातात गरम तूप-हळद, वर पळसाचं पान. माझ्या जिभेवर वाक्य आलं होतं. खिडकीत बाबा बसले होते आणि त्यांची नजर आईवर नव्हती, माझ्यावर होती. मी बाजूला झाले.

आईने दोन्ही हब शेकले, तेवढ्याच सावकाश, आणि फटीत बोट दाबलं. मग आरशापाशी गेली. "आज आवतन..." इतकं बोलून ती थांबली. पुढचं तिच्याने बोलवेना. तेव्हा खिडकीतून बाबांचा आवाज आला, दमाने, तुटक तुटक. "आज आवतन घ्या. उद्या जेवाले या."

पोळ्याच्या सकाळी आई पुरण वाटत होती तेव्हा मी डाव्या हबची चकती काढली, तूप पुसलं, पुन्हा लावली. उजव्याला तारेमुळे हात लावला नाही, नुसती फट पुसली. पलंगावरून बाबा बघत होते. 

बाबांना पुढच्या सीटवर उशा लावून बसवलं. पाय सुजलेले, म्हणून पायाखाली गादीचा तुकडा. आई मागे पुरणाचा डबा मांडीवर घेऊन बसली. उमरेड मागे पडेपर्यंत बाबा डुलक्या घेत होते. भिवापूर आलं तसे जागे झाले आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंची पिकं बघू लागले. हे कुणाचं वावर, इथे पूर्वी विहीर होती, इथे पाणी तुंबते, असं काहीबाही बोलत राहिले. स्टिअरिंग खरंच जड लागत होतं. माझे खांदे भरून आले.

पांधनीच्या तोंडाशी चुलतभाऊ ट्रॅक्टर घेऊन उभा होता. "राहू देतो इथं," तो बाबांना नमस्कार करून म्हणाला. "लागला तं लागला." बाबांनी ट्रॅक्टरकडे बघितलंसुद्धा नाही. मी उतरले, डावा हब फिरवला. आतून तो आवाज आला. मी आत बसून छोटा दांडा ओढला.

पहिला पल्ला नीट गेला. मधे एक ओढा आडवा जातो, तिथे जीप खाली उतरली आणि वर चढताना मागची चाकं गरगर फिरू लागली. चिखल खिडकीच्या वर उडाला. मी घाबरून पाय उचलणार होते.

"सोडू नको," बाबा म्हणाले. "हळू दे. पुढचे ओढतीन."

मी हळू दिलं. जीप जागच्या जागी थरथरली, तोंड थोडं डावीकडे गेलं, मग उजवीकडे, आणि पुढच्या चाकांनी कुठेतरी माती धरली. ती आम्हाला वर घेऊन गेली. मागून आईने "हं" असा एक श्वास सोडला. एवढंच.

बाबा खाली उतरले नाहीत. उतरणं शक्य नव्हतं. धुऱ्याशी जीप उभी केली, त्यांच्या बाजूचं दार उघडलं, आणि ते समोर पसरलेल्या मिरचीकडे बघत बसले. रोपं वीतभर झाली होती, पावसाने धुतलेली. चुलतभावाने एक पान खुडून त्यांच्या हातात दिलं. ते त्यांनी चुरगळलं, वास घेतला आणि म्हणाले, "बरं आहे." किती वेळ बसलो ते मी बघितलं नाही. आईने डबा उघडला आणि पोळीचा पहिला तुकडा बाबांपुढे धरला, तर ते म्हणाले, "आधी त्याले. आवतन त्याले दिलं होतं." आईने जीपच्या बॉनेटवर पोळी ठेवली, वर तूप घातलं, हात जोडले. मग बाबांनी खाल्ली. अर्धी पोळी खाल्ली, एवढं त्यांनी महिनाभरात खाल्लं नव्हतं.

मिरची लाल व्हायला लागली तेव्हा बाबा गेले. घरी, खिडकीशी, बसल्या बसल्या. त्याबद्दल मला इथे जास्त लिहायचं नाही.

हिवाळ्यात मी दिल्लीहून स्प्रिंग मागवली आणि उजवा हब पुन्हा सुटा केला. जीप विकायला सांगणारे बरेच आले, त्यांना मी माझ्या स्वभावाप्रमाणे उत्तर दिलं. आता दर रविवारी वावरात मी जाते. ग्रीस मीच भरते. चटईवर एकटीला जागा जास्त होते.

आणि यंदा पोळा आला. बाबा नसलेला पहिला. मी मनाशी ठरवलं होतं की बाबांनी सांगितलं तसंच करायचं. आई लावेल, मी सकाळी काढेन, बोलायचं नाही. आदल्या संध्याकाळी आई वाटी घेऊन शेडमध्ये आली. पळसाचं पान बुडवून तिने डाव्या हबवर एक बारीकसा ठिपका लावला, वरूनच. मग उजव्यावर तसाच एक, आणि वाटी झाकली.

"आतून नाही लावत?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"आता कायले?" ती म्हणाली.

 तिने पदराला बोटं पुसली.

"स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसे मले," ती म्हणाली. "दर पोळ्याले सकाळी चाकापाशी बसून काढत सारं. मी लावो, ते काढत. त्यांले वाटे, मले मालूम नाही."

"मग ते आजारी पडल्यावर कशाला लावत होतीस आई? काढणारं कुणी नव्हतं."

ती चाकाकडे बघत होती. खिडकीपाशी आता पलंग नव्हता, पण तिथून चाकापर्यंतची जागा तिने एकदा डोळ्यांनी मोजल्यासारखी पाहिली.

"एवढं घट्ट होईन हे नव्हतं मालूम," ती म्हणाली. "वाटे, एखाद्या सकाळी उठतीन. येतीन, बसतीन चाकापाशी. अन् काढाले काहीच नसलं तं कायले उठतीन?"

संध्याकाळ पुरती झाली होती. समोरच्या काकूंच्या ओट्यावरचा दिवा लागला. मी आईच्या हातातली वाटी घेतली, झाकण काढलं आणि पुन्हा तिच्या हातात दिली. तूप अजून कोमट होतं.

"लाव," मी म्हटलं. "आतून लाव. सकाळी मी बसते चाकापाशी."